ऊस वाहायच्या जुन्या ट्रॉलीला ब्रेक बसवायचेत. हायड्रोलिक (तेलाच्या दाबावरचे) घ्यावेत की एअर (हवेच्या दाबावरचे)? की ट्रॅक्टरचेच ब्रेक चांगले करून घेतले तर भागेल?

भागणार नाही. हा तिसरा पर्याय तुम्हाला कुणीतरी सुचवला असणार, असा माणूस गावोगावी असतो. आमच्याकडं चुलते आहेत. "ट्रॅक्टरला ब्रेक हायेत की, ट्रॉलीला कशाला पायजेत?" यावरून आमच्या घरात एक अख्खी दिवाळी अबोल्यात गेली.

वजन बघा. 50 एचपीचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. ऊस भरलेली एक ट्रॉली दहा टनांच्या घरात, आणि आपल्याकडं जोडतात दोन. ब्रेक लागतो तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, पुढच्यांना नसतोच. म्हणजे वीस टनांचा रेटा दोन टायरांच्या पकडीवर. नवे लायनर टाका, नाहीतर तेलात बुडालेल्या प्लेटांचे ब्रेक असलेला ट्रॅक्टर घ्या, चाक जाम होईल, पण ट्रॅक्टर थांबेलच असं नाही.

धारूरच्या घाटात मी हे मडगार्डवर बसून पाहिलंय. ट्रॅक्टर चुलत्यांचा, ऊस वरच्या अंगाचा, उतरायचं तेलगावच्या बाजूला. ड्रायव्हर जुना, हाताचा पक्का. चढाला हुकाची पिन ताणून बसलेली असते, आवाज करत नाही. उतार लागला की खाट् करते. म्हणजे आता ट्रॉली ढकलायला लागली. एक खाट् झाला, पाठोपाठ मागच्या ट्रॉलीचा दुसरा. गिअर खालचाच होता, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यातला तो नव्हे. वळणावर समोरून एसटी आली आणि तो ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. माझी नजर खाली. मोठं चाक फिरायचं थांबलं होतं आणि रस्ता तरी मागं सरकतच होता. रबराचा वास नाकात गेला. वळणात ट्रॉली तिरकी, त्यामुळं ढकलाही तिरका, अन् ट्रॅक्टरचं बूड बाहेर फेकायला लागलं. तेवढ्यात त्यानं चक्क ब्रेक सोडला! चाक फिरलं तसा ट्रॅक्टर सरळ झाला, मग त्यानं तो डोंगराकडच्या नालीत घातला. पुढचा ॲक्सल मोडला, मागची ट्रॉली आडवी, ऊस रस्ताभर. एसटीतल्या कुणाला ओरखडासुद्धा नाही.

चुलते आले ते, "ब्रेक का सोडला?" विचारतच. ॲक्सलचे पैसे त्या ड्रायव्हरच्या उचलीत, म्हणजे त्यानं आगाऊ घेतलेल्या पैशांत, मांडले. ज्यानं सगळ्यांना वाचवलं, त्याच्याच नावावर!

असो, तुमचा प्रश्न. एकच ट्रॉली असेल आणि तुमच्या ट्रॅक्टरला ट्रॉली-ब्रेकचा वेगळा व्हॉल्व्ह बसत असेल तर हायड्रोलिक घ्या. ट्रॉली उचलायच्या जॅकचा पाईप ब्रेकला जोडून देणारे लोक आहेत, त्यांच्या दारात उभं राहू नका. तिथलं प्रेशर ब्रेकसाठी नसतं, हळू दाबायची सोय नाही, एकदम जाम होतो. दोन ट्रॉल्या असतील तर एअर. कॉम्प्रेसर आणि टाकीचा खर्च आहे, पण स्प्रिंगवाले चेंबर घेतले तर पाईप तुटून हवा गेली तरी ब्रेक आपोआप लागतो. ट्रॉली पुढं रेटली आणि तिची जोडदांडी आत सरकली की आपोआप लागणारा ब्रेकही मिळतो, पण तो हलक्या गाड्यांचा. युरोपात कारमागं डबा ओढतात, तिथंही तो 3,500 किलोपर्यंतच चालतो. ऊसाला नको.

जुन्या ट्रॉलीचा ॲक्सल बहुतेक साधा, ब्रेकची सोय नसलेला असतो, ब्रेक-ड्रमचा घालावा लागेल. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना बसवा, पुढच्या एकटीला बसवून मागची तशीच ठेवू नका. आणि ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागेल असा सेट करून घ्या. हे फिटर स्वतःहून करत नाहीत, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं.

"आम्ही तीस वर्षं बिनब्रेकची हाकली" असं कुणी म्हणालं तर विचारा, तवा ट्रॉल्या किती जोडत होता आणि थर किती लावत होता? आमच्या चुलत्यांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही. ॲक्सलचे पैसेही ड्रायव्हरच्या उचलीतून अजून कमी केलेले नाहीत.

शेतातून वाड्यापर्यंत कडबा आणण्यापुरतीच ट्रॉली असेल, रस्ता सपाट असेल, तर यंदाच करा असं मी म्हणणार नाही. तोवर रस्त्यावर निघताना डाव्या-उजव्या पेडलची जोडपट्टी लावायची, शेतात वळायला ती सोडलेली असते, तशी सुटीच रस्त्यावर येते. चाकाला लावलेले दगड निघताना बाजूला टाकायचे, रात्री मोटारसायकलवाला त्यावरच जातो. ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं, तेव्हा बदल करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आणि ब्रेक बसले म्हणून ऊसाचा आणखी एक थर चढवायचा नाही. आमच्या चुलत्यांना पटलं, तर ते पहिलं तेच करतील.