कर्णावर लंब टाकला की तिन्ही त्रिकोण समरूप कसे?

दहावीचा प्रश्न आहे, गणित भाग 2 मधला. त्रिकोण अबक घ्या, ब काटकोन, आणि ब मधून कर्ण अक वर बड हा लंब. त्रिकोण अडब आणि मूळ त्रिकोण यांत कोन अ सामाईक, शिवाय दोघांत एकेक काटकोन. झालं, को-को (कोन-कोन) कसोटी लागली: दोन कोन जुळले की त्रिकोण समरूप. बडक चंही तसंच, तिथं कोन क सामाईक.

गाडी अडते ती नावांच्या क्रमात. △अबक ~ △अडब ~ △बडक असाच क्रम लिहा, काटकोनाचं अक्षर कायम मधे. क्रम चुकला की गुणोत्तरं चुकतात, मग पुढचं सगळं वाया.

पटत नसेल तर वहीचं पान कर्णावर कापा. एक त्रिकोण अखंड ठेवा, दुसरा लंबावर कापा. अखंड तुकडा उलटा करून तिन्ही काटकोन एकावर एक ठेवा. फिरवून नीट बसवले की तिन्ही कर्ण समांतर दिसतात.

आता अड = 9, डक = 16 असेल तर बड² = 9 × 16, म्हणजे बड = 12. हाच 9 आणि 16 चा भूमितीमध्य, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ. अब² = 9 × 25, बक² = 16 × 25; बाजू 15 आणि 20. दोन्ही वर्गांची बेरीज 25 × 25, पायथागोरस फुकटात सिद्ध!

सावलीची गणितंही याच कसोटीची. रंकाळ्यावर 1 मीटर काठीची सावली 1.5 मीटर पडली आणि त्याच वेळी खांबाची 9, तर खांब 6 मीटर. फक्त जमीन सपाट बघा, पायऱ्यांवर सावली मोडते.