‘ॲप लाल का दाखवतं?’ : अमेरिकेतल्या ट्रकच्या ड्युटी-तासांबद्दल वाचकांचे प्रश्न

पुण्या-नागपुरात रात्रपाळीला बसून अमेरिकेतले ट्रक डिस्पॅच करणाऱ्यांची (कुठला ट्रक कधी, कुठला माल नेईल हे लावून देणाऱ्यांची) पत्रं बरीच आली आहेत, एक पत्र न्यू जर्सीहूनही आहे. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले. उत्तरं मालवाहू ट्रकांच्या केंद्रीय नियमांना धरून आहेत. प्रवासी बसचे आकडे वेगळे.

ड्रायव्हरची ड्युटी सकाळी ६ ला सुरू झाली. अर्धा तास गाडीची तपासणी, ४ तास ड्रायव्हिंग, मग अडीच तास डॉकवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावर). दुपारी १ वाजता ११ पैकी ७ तास शिल्लक होते. पण ३ पर्यंत दुसरीकडे माल भरला, आणि आता ॲप रात्री ८ नंतर चालवू देत नाही. ड्रायव्हर म्हणतो, ‘स्प्लिट होईल.’ कसं? (हिंजवडी)

सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर दोन हिशेब एकदम सुरू होतात. ड्रायव्हिंगचे ११ तास गाडी थांबली की थांबतात. ड्युटी सुरू झाल्यापासूनचे १४ तास मात्र चहाला, डिझेलला, डॉकवर, कशालाच थांबत नाहीत. सकाळी ६ ला सुरुवात म्हणजे रात्री ८ ला मुदत संपली. त्यानंतर माल उतरवता येईल, कागद करता येतील, स्टिअरिंगला हात लावता येणार नाही.

अपवाद स्लीपर बर्थचा, म्हणजे ट्रकमधल्या झोपायच्या जागेचा. ड्रायव्हर म्हणतो तो ‘स्प्लिट’ हाच. १० तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते: एक तुकडा बर्थमध्ये सलग किमान ७ तासांचा, दुसरा किमान २ तासांचा (बर्थमध्ये किंवा ऑफ-ड्युटी), आणि दोन्हींची बेरीज किमान १०. जोडी जुळली की दोन्ही तुकडे १४ तासांतून वगळले जातात.

तुमच्या उदाहरणात डॉकवरचे अडीच तास पहिला तुकडा धरले, तर ६ ते साडेदहा हे साडेचार तास गेले आणि १४ पैकी साडेनऊ उरले. ते १ वाजल्यापासून मोजले की मुदत रात्री साडेदहापर्यंत जाते. ३ ते १० असे उरलेले ७ तास चालवून होतात. मग १० वाजता बर्थमध्ये जायचं ते साडेसात तासांसाठी, ७ नव्हे, कारण अडीच अधिक साडेसात म्हणजे १०. पहाटे साडेपाचला उठल्यावर ११ तास नव्याने मिळत नाहीत. पहिला तुकडा संपला तिथून, म्हणजे आदल्या दुपारी १ पासून मोजायचं: ७ तास चालवले म्हणून ४ उरले, मुदतीचे ९ गेले म्हणून ५ उरले. सकाळी साडेदहाला गाडी उभी. ‘रात्रभर झोपला, फ्रेश आहे’ म्हणून लांबचा लोड बुक करणारे इथेच फसतात.

पण ते अडीच तास खरोखर सुटीचे होते का, हे आधी विचारा. माल मोजायला उभा असेल किंवा रांगेत गाडी पुढे घेत असेल, तर तो वेळ ऑन-ड्युटीच. दीड तासाने कुणी ‘दार क्रमांक ४ वर लाव’ म्हटलं आणि त्याने ट्रक हलवला, तरी तुकडा मोडला. सलग २ तास राहिलेच नाहीत. दुसरी भानगड म्हणजे, साडेसात तास पुरे व्हायच्या आत त्याला फोन करून कामाला लावलंत, तर जोडी तुटते आणि रात्री ८ ते १० चं ड्रायव्हिंग मागाहून उल्लंघन ठरतं.

३० मिनिटांच्या ब्रेकची इथे काळजी नाही. एकूण ८ तास ड्रायव्हिंग होण्याआधी सलग ३० मिनिटं चाकं थांबली पाहिजेत, आणि २०२० पासून ऑन-ड्युटी उभं राहिलेलंही चालतं. १ ते ३ च्या लोडिंगने ते भागलं.

वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर बर्फ. २ तास जादा मिळतील ना? (नागपूर)

निघताना ठाऊक नसेल तर. बर्फ, धुकं, निसरडा रस्ता किंवा रस्त्यावरची अनपेक्षित अडचण, जी ड्रायव्हरला निघण्याआधी आणि तुम्हाला डिस्पॅच करण्याआधी माहीत नव्हती आणि माहीत असणं अपेक्षितही नव्हतं, तिच्यासाठी ११ चे १३ आणि १४ चे १६ होतात. वादळाचा इशारा आदल्या रात्रीपासून झळकत असताना लोड लावला असेल तर ही सवलत विसरा. शिकागोची संध्याकाळची कोंडी रोजचीच, ती यात बसत नाही. पुढे अपघात होऊन महामार्ग बंद झाला तर बसते. डॉकवरचा उशीर कधीच नाही. लॉगमध्ये (ड्युटीच्या रोजच्या नोंदीत) जागा, वेळ आणि कारण ड्रायव्हरने तिथल्या तिथे लिहावं. ८ दिवसांत मिळून ७० ड्युटी-तासांची जी वेगळी मर्यादा आहे, तिला मात्र ही सवलत लागू नाही.

ते ७० तास परत कधी मिळतात? शिफ्ट संपेपर्यंत आकडा हलतच नाही. (नागपूर, त्याच पत्रातून)

लॉग चालतो कंपनीच्या होम टर्मिनलच्या (ड्रायव्हरच्या नेहमीच्या तळाच्या) वेळेवर, ट्रक कुठल्याही टाइम झोनमध्ये असो. टर्मिनल न्यू जर्सीत आणि लॉगचा दिवस मध्यरात्री बदलत असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात, हिवाळ्यात साडेदहा. त्या क्षणी सर्वांत जुना दिवस गळतो आणि त्याचे तास परत येतात. तुम्ही तोवर घरी गेलेले असता. सलग ३४ तास सुटी दिली तर हिशेब शून्यापासून सुरू. ती सक्तीची नाही.

ड्रायव्हरचा मालक सांगतो, ४० मिनिटांचं ड्रायव्हिंग ‘ऑफ-ड्युटी’ करून टाक. (पुणे)

करू नका. ईएलडीने (ट्रकमधल्या तास नोंदवणाऱ्या यंत्राने) आपोआप नोंदवलेलं ड्रायव्हिंग दुसऱ्या कशात बदलता येत नाही. दोघे ड्रायव्हर असतील आणि नोंद चुकून जोडीदाराच्या नावावर पडली असेल, तर ती हलवता येते. बाकी नोंदींत दुरुस्ती सुचवता येते. पण कारण लिहावं लागतं, ड्रायव्हरने ती मान्य करावी लागते आणि मूळ नोंद आत तशीच राहते. तपासणीत डिझेलची पावती, टोल, माल पोचल्याची पोच हे सगळं लॉगशी ताडून बघतात. नियम मोडायला भाग पाडणाऱ्या कंपनी, ब्रोकर किंवा शिपरविरुद्ध ड्रायव्हर ९० दिवसांत केंद्रीय यंत्रणेकडे तक्रार करू शकतो. ‘हे केलं तर नियम मोडेल’ असं त्याने आधी सांगितलेलं हवं. मेसेजवर असेल तर उत्तम.

माल उतरला, तास संपले, आणि रिसीव्हर आवारात थांबू देत नाही. मग? (पुणे)

‘पर्सनल कन्व्हेयन्स’ (ऑफ-ड्युटी असताना स्वतःच्या कामासाठी ट्रक चालवल्याची नोंद) लावून जवळच्या पहिल्या सुरक्षित आणि सोयीच्या जागी जाऊन झोपायचं. ट्रेलर भरलेला असला तरी चालतं. पहिला ट्रक स्टॉप भरलेला असेल तर पुढच्यावर जा, तशी टीप लिहा. रिकामी जागा सोडून उद्याच्या पिकअपच्या दिशेने ५० मैल गेलात तर ते ड्रायव्हिंग.

आम्ही किराणा मालाचे घाऊक व्यापारी. आमचे बॉक्स ट्रक २६,००० पौंडांखालचे, सीडीएल (व्यावसायिक ड्रायव्हिंग परवाना) लागत नाही. म्हणजे हे नियमही नाहीत ना? (एडिसन, न्यू जर्सी)

आहेत. आंतरराज्य मालवाहतुकीत १०,००१ पौंडांपासून ते लागू होतात, सीडीएल असो वा नसो. तुमच्या कामाची सवलत शॉर्ट-हॉलची: कामाच्या ठिकाणापासून १५० एअर-माइलच्या वर्तुळात राहून १४ तासांच्या आत तिथेच परत येऊन सुटी झाली, तर ईएलडी नको आणि ३० मिनिटांचा ब्रेकही सक्तीचा नाही. ११ तासांची मर्यादा राहतेच. आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि एकूण तास लिहून ६ महिने जपायचे.

१५० एअर-माइल म्हणजे रस्त्याच्या हिशेबातले सुमारे १७२ मैल, पण सरळ रेषेत. एडिसनहून फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, ऑल्बनी आत येतात; वॉशिंग्टन थोडक्यात बाहेर, बॉस्टन बरंच बाहेर. बॉस्टनच्या दिवशी पूर्ण लॉग भरा, कागदी चालेल. कुठल्याही ३० दिवसांत असे ८ पेक्षा जास्त दिवस झाले की त्या ड्रायव्हरला ईएलडी घ्यावाच लागतो.

ईएलडी बंद पडला तर गाडी उभी करायची का? (हिंजवडी)

नाही. ड्रायव्हरने २४ तासांत कंपनीला लेखी कळवायचं, आजचा आणि मागच्या ७ दिवसांचा लॉग हाती नसेल तर कागदावर उतरवायचा आणि पुढेही कागदावर चालू ठेवायचं. यंत्र ८ दिवसांत दुरुस्त झालं पाहिजे. कोऱ्या लॉगची किमान ८ पानं गाडीत असणं सक्तीचं आहे. नवी गाडी ताब्यात देताना चार्जरची केबल सगळे बघतात, ही पानं कुणी बघत नाही.