अमेरिकन मसल कार म्हणजे नेमकं काय, आणि तिच्यावरून तिथल्या जुन्या-नव्या गाडीवेड्यांत एवढा वाद का होतो?

मी गेली 22 वर्षं डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अव्हेन्यू या हमरस्त्यापासून दहा मिनिटांवर राहतो. काम इंजिन कॅलिब्रेशनचं, म्हणजे इंजिनात किती पेट्रोल जावं आणि ठिणगी कधी पडावी हे कॉम्प्युटरवर ठरवायचं. शेजारी 78 वर्षांचे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे 1967 ची पाँटिअॅक जीटीओ. घरात माझा 19 वर्षांचा मुलगा, नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्यांनी झपाटलेला. तुम्ही विचारलेला वाद आमच्याकडे कुंपणावरूनच चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मसल कार म्हणजे काय ते. मधल्या आकाराची, साधी, दोन दारांची घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं व्ही-8 इंजिन, म्हणजे चार-चारच्या दोन तिरक्या रांगांतल्या आठ सिलिंडरांचं, बसवायचं. इतकंच. ही कल्पना खऱ्या अर्थानं रुजली ती 1964 च्या जीटीओपासून. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. कंपनीनं रेसिंगमधूनही अंग काढून घेतलं होतं, आणि तिच्याच पाँटिअॅक या ब्रँडचं सगळं नाव रेसिंगवर उभं होतं. तिथले मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. नवं मॉडेल आणायचं तर वरून मंजुरी लागायची, पण आधीच मंजूर असलेल्या गाडीवर जादा पैसे घेऊन द्यायच्या पॅकेजला ती लागत नव्हती. म्हणून टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर सुमारे 295 डॉलरचं पॅकेज म्हणून 389 क्युबिक इंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं इंजिन द्यायला सुरुवात केली. 5,000 गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी 32,450 खपल्या.

मग रांगच लागली. शेव्हरोलेची शेव्हेल एसएस, डॉजची चार्जर, आणि 1968 मध्ये प्लिमथची रोड रनर. रोड रनर मला यातली सगळ्यात प्रामाणिक गाडी वाटते. 3,000 डॉलरच्या आत मिळायची. आत गालिचा नाही, रबरी मॅट आणि बाकड्यासारखी सलग सीट. सगळा पैसा इंजिनात, ब्रेकात आणि सस्पेन्शनमध्ये. कारखान्यात पाळी करणारं विशीतलं पोरगं ती हप्त्यानं घेऊ शकत होतं, आणि बनवलीही होती त्याच्यासाठीच. शेजारचे आजोबा 1969 मध्ये व्हिएतनामहून परतले आणि साठवलेल्या पगारातून दोन वर्षं वापरलेली जीटीओ त्यांनी घेतली. तेव्हा ते 22 वर्षांचे होते. हे वय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा काळ दहा वर्षंही टिकला नाही. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भरमसाट वाढले. 1970 मध्ये हवा-प्रदूषणाचा कडक कायदा आला, 1971 पासून शिशाशिवायच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन (आत मिश्रण दाबण्याचं प्रमाण) उतरवलं गेलं आणि ताकद घटली, आणि ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. 1974 ची शेवटची जीटीओ एका छोट्या गाडीवर बेतलेली होती. पुढे 2001 मध्ये प्लिमथ हे नाव संपलं, 2010 मध्ये पाँटिअॅक.

आता ज्येष्ठ मंडळी जीव टाकतात ते कशावर? पहिल्यांदा आवाजावर. ती 'गडगड-गडगड' नुसत्या मोठ्या सायलेन्सरची करामत नाही. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या बहुतेक व्ही-8 मध्ये ठिणगी 1-8-4-3-6-5-7-2 या क्रमानं पडते. विषम आकड्यांचे सिलिंडर एका बाजूला, सम आकड्यांचे दुसऱ्या बाजूला. क्रम पुन्हा वाचा: 8 आणि 4 उजवीकडे लागोपाठ, 5 आणि 7 डावीकडे लागोपाठ. पूर्ण इंजिनाचा ठेका अगदी सम असतो, पण प्रत्येक बाजूच्या पाइपात मात्र दोन ठोके जवळजवळ येतात, मग खंड पडतो, मग पुन्हा एक. गाडी उभी असताना तो अडखळता ठेका छातीत जाणवतो. ज्याचं तारुण्य या आवाजात गेलं त्याला चार सिलिंडरच्या टर्बोची शिट्टी ऐकवून काय वाटणार?

माझ्या मुलाच्या पिढीला मात्र या गाड्या भेटल्या त्याच मुळी दोरीच्या पलीकडे. 2014 मध्ये सिअॅटलच्या लिलावात 1971 ची प्लिमथची एक हेमी 'कुडा (बॅराकुडा) कन्व्हर्टिबल 35 लाख डॉलरना गेली. ते टोक झालं, पण साध्या, बऱ्या अवस्थेतल्या जीटीओची किंमतही कॉलेजातल्या मुलाच्या आवाक्यात नाही. इंजिनावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, रंग कारखान्याचाच आहे का, यावर भाव ठरतो. मग ती गाडी चालवायला जीव धजत नाही. चादरीखाली राहते, वर्षातून चार वेळा बाहेर निघते. मुलानं जवळ जाऊन वाकून पाहिलं की 'हात लावू नको' हे पहिलं वाक्य. बारा वर्षांच्या पोराला हे दोनदा ऐकवलं की तिसऱ्यांदा ते येत नाही. माझा मुलगा असाच दुरावला.

त्याला आपलं म्हणून काय मिळालं? व्हिडिओ गेममध्ये चालवलेल्या निसान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा. इथे एक कायदा आहे: अमेरिकेत न विकलेली परदेशी गाडी 25 वर्षांची झाली की सुरक्षा-नियमांच्या अटी न लावता आणता येते. त्यामुळे 1989 ची स्कायलाइन आर-32 जीटी-आर 2014 मध्ये आणि 1999 ची आर-34 2024 मध्ये इथे यायला मोकळी झाली. आमच्या भागात पहिली आर-32 दिसली तेव्हा मुलगा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, 'बाबा, स्टिअरिंग उजवीकडे आहे, पुण्याच्या आजोबांच्या गाडीसारखं!' तो आनंद मी विसरणार नाही. त्याची स्वतःची गाडी मात्र 1990 ची मझदा मियाटा, 1.6 लिटरची, 116 हॉर्सपॉवर, उन्हाळ्यात नोकरी करून घेतलेली.

माझं मत विचाराल तर साठच्या दशकातल्या त्या पोरांचे खरे वारस हीच मुलं आहेत. स्वस्तातली साधी गाडी घ्यायची, कंपनीनं ठरवून दिलेली मर्यादा मानायची नाही, रात्री मित्रांना जमवून तिच्यातून जादा ताकद काढायची. 1969 मध्ये हेच चाललं होतं. जे आजोबा 'आजकालच्या पोरांना गाड्यांचं वेड नाही' म्हणतात, ते स्वतःचं बाविसावं वर्ष विसरलेत.

पण या वादाला एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय डेट्रॉइटमधला राग कळणार नाही. इथे जपानी गाडी म्हणजे शेजाऱ्याची गेलेली नोकरी. ऐंशीच्या सुरुवातीला कारखाने कामगारांना घरी बसवत होते आणि त्याचं खापर जपानवर फुटत होतं. जून 1982 मध्ये व्हिन्सेंट चिन या 27 वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला, त्याचं लग्न काही दिवसांवर आलेलं असताना, मोटार कारखान्यातला एक सुपरवायझर आणि त्याचा सावत्र मुलगा या दोघांनी गाठलं आणि बेसबॉलच्या बॅटनं मारलं. चार दिवसांनी तो गेला. दोघांना तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षांचं प्रोबेशन आणि 3,000 डॉलर दंड, बस्स. हे घडलं हायलंड पार्कमध्ये, याच वुडवर्ड अव्हेन्यूवर. आजही जपानी गाडीला हिणवायला 'राइस' हा शब्द वापरणारे भेटतात. एका संमेलनात माझ्या मुलासमोर तो उच्चारला गेला तेव्हा मी त्या गृहस्थांना शांतपणे एवढंच सांगितलं की आम्ही भात खाणारे लोक आहोत आणि हा शब्द आम्हाला लागतो. ते ओशाळले. मुलगा घरी येईपर्यंत काही बोलला नाही.

आता कुंपणावरची गोष्ट. गेल्या वर्षी जूनमध्ये जीटीओ आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या चालू, टिकेना. धूर डोळ्यांना झोंबायचा, प्लग काढले तर काजळीनं काळे. म्हणजे मिक्श्चर रिच, पेट्रोल जास्त जात होतं. त्या गाडीत 400 क्युबिक इंचांचं इंजिन आणि वर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. आजोबांनी तो आधीच उघडून फ्लोटची, म्हणजे आत किती पेट्रोल साठावं ते ठरवणाऱ्या तरंग्याची, पातळी खाली घेतली होती. उरलं होतं शेवटचं सेटिंग: पुढच्या बाजूला तळाशी दोन स्क्रू असतात, ते पाव-पाव फेऱ्यानं फिरवायचे, मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला, व्हॅक्यूम गेज लावायचं आणि काटा सर्वात वर जाऊन स्थिर कुठे होतो ते बघायचं. ही त्यांची पन्नास वर्षांची पद्धत. पण आता त्यांचे हात थरथरतात, स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटतो, आणि डाव्या कानानं ऐकू येत नाही.

मुलगा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घेऊन गेला. सायलेन्सरच्या तोंडाला अडकवायचा आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे एका भाग पेट्रोलमागे किती भाग हवा, ते आकड्यात वाचायचं. आजोबा म्हणाले, 'मला तो डबा नको.' मुलगा म्हणाला, 'ठीक आहे, डबा फक्त मी बघतो. स्क्रू मी फिरवतो, तुम्ही ऐका.' मग बाविशी ओलांडून कित्येक दशकं झालेले ते गृहस्थ फेंडरवर हात टेकून, डोळे मिटून, उजवा कान इंजिनाकडे करून उभे राहिले. 'उजवा आत. अजून. थांब, अडखळला. अर्धा मागे. आता डावा.' अर्धा तास हे चाललं. मी काहीही बोललो नाही, बोलायची इच्छा फार होती. मला नाशिकचे आमचे गॅरेजवाले आठवत होते, कानावर बोट ठेवून स्कूटरचा कार्ब्युरेटर लावणारे. शेवटी आजोबा म्हणाले, 'हात काढ. झालं.' गेजचा काटा 17 वर स्थिर होता. मुलानं मीटर वळवून दाखवलं: सुरुवातीला 11.8 होतं, आता 13.6. रोज लाखो रुपयांच्या उपकरणांवर मी जे शोधतो ते त्यांनी एका कानावर शोधलं होतं.

पुढची दहा मिनिटं जास्त मोलाची. आजोबांनी विचारलं, तो आलेख मला दाखव, मधेच खड्डा कशाचा? मुलानं विचारलं, तुम्हाला कळलं कसं? तेव्हा त्यांनी खिशातून डॉलरची नोट काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. नोट सारखी बाहेर फडफडत राहिली तर ठीक. मधूनच आत ओढली गेली तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय समजायचं. मुलानं ती नोट अजून मियाटाच्या काचेला खोचून ठेवली आहे. हे ज्ञान हातातून हातात जातं, आणि ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. गाड्यांचे भाव पडतील की चढतील याची काळजी करणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं की आधी कोणाला तरी स्क्रू ड्रायव्हर धरू द्या.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात. डॉज चॅलेंजर आणि शेव्हरोले कॅमारो, दोन्हींचं उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबलं. मस्टँग अजून व्ही-8 आणि हातानं टाकायच्या गिअरसह मिळते. डॉजनं इलेक्ट्रिक चार्जर आणली ती कृत्रिम गुरगुर लावून. यावर आमच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे: दोघांनाही ती पटली नाही. मलाही नाही. विजेच्या मोटरचा स्वतःचा आवाज आहे, तोच ऐकू द्यावा.

कधी ऑगस्टमध्ये इकडे येणं झालं तर तिसरा शनिवार साधा. त्या दिवशी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. 1995 मध्ये फर्नडेलमधल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमवायला ती सुरू झाली, आणि आता फर्नडेलपासून पाँटिअॅक शहरापर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी भरतो. सकाळी आठच्या आत पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. ज्या गाडीचं बॉनेट उघडं असेल तिच्यापाशी थांबा आणि मालकाला विचारा, 'कार्ब्युरेटर कुठला?' पुढचा तासभर तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. आमची जीटीओही तिथेच असते, आणि तिच्या शेजारी एक लाल मियाटा.