वाचकांचे प्रश्न : सरकारी जमीन विकून तिजोरीत नेमकं काय पडलं?

मागच्या अंकात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींच्या जमीनवाटपावर लेख होता, त्यावर भरपूर प्रश्न आले. बहुतेकांचा रोख पैशावर होता, म्हणून या वेळी फक्त पैशाचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : अमेरिकन सरकारने सुरुवातीला जमीन विकायचं का ठरवलं? आणि भाव कोण ठरवायचं?

कारण साधं आहे, स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं आणि केंद्र सरकारकडे कर लावायचा अधिकार जवळजवळ नव्हता, हातात होती ती पश्चिमेकडची जमीन. १७८५ च्या कायद्याने आधी मोजणी मग लिलावाने विक्री असं ठरलं. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, एक भाग ६४० एकरांचा, आणि किमान भाव एकरी १ डॉलर. ऐकायला स्वस्त वाटतं पण किमान ६४० एकर घ्यायचे म्हणजे ६४० डॉलर, साध्या शेतकऱ्याकडे कुठून येणार एवढे? घेतले ते कंपन्यांनी आणि सटोडियांनी.

१७९६ ला भाव २ डॉलर केला, मग १८०० मध्ये तुकडा ३२० एकरांवर आणला आणि चार वर्षांच्या हप्त्यांची सोय दिली. इथेच सगळं फसलं. लोकांनी पहिला हप्ता भरून झेपेल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जमीन घेतली, १८१९ ला मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि खरेदीदारांकडे सरकारचे २ कोटी डॉलरच्या वर थकले. वसूल कसे करणार, हजारो कुटुंबांना जमिनीवरून हाकलणार का? ते राजकीयदृष्ट्या शक्यच नव्हतं. शेवटी १८२० मध्ये उधारी बंद, भाव सव्वा डॉलर आणि तुकडा ८० एकर, म्हणजे १०० डॉलर रोख मोजले की शेत तुमचं. थकबाकीदारांना १८२१ मध्ये थोडी जमीन परत करून उरलेली फेडून घ्यायची मुभा दिली. माझ्या मते त्या अख्ख्या शतकातला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

प्रश्न : लिलाव होता म्हणता, मग चढाओढ होऊन भाव वर का नाही गेला?

कारण जमिनीवर लोक आधीच बसलेले असायचे. मोजणी व्हायच्या आधीच घर बांधलेलं, रान साफ केलेलं. लिलावाच्या दिवशी हे सगळे एकत्र यायचे, त्यांचे रीतसर क्लब असायचे, आणि बाहेरच्या कुणी जास्त बोली लावली तर त्याची खैर नसायची. मग जमीन किमान भावालाच जायची. १८४१ च्या कायद्याने तर आधी बसलेल्याला १६० एकर सव्वा डॉलरने घ्यायचा पहिला हक्कच दिला.

प्रश्न : जमीनविक्रीतून सरकारला सगळ्यात जास्त पैसा कधी मिळाला? त्याचं झालं काय?

१८३६. हे वर्ष नीट समजून घ्या कारण यातच सगळा विषय आलाय. त्या वर्षी जमिनीतून जवळपास अडीच कोटी डॉलर आले, सरकारची एकूण जमा ५ कोटींच्या आसपास, म्हणजे निम्मी तिजोरी जमिनीने भरली, आयातशुल्कापेक्षाही जास्त. त्याआधी जानेवारी १८३५ मध्ये राष्ट्रीय कर्ज पूर्ण फिटलं होतं. मग एवढ्या पैशाचं करायचं काय? काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठरवलं की शिल्लक राज्यांना चार हप्त्यांत वाटून टाकू.

पण हा पैसा आला कसा ते बघा. राज्यातल्या बँका भरमसाट नोटा छापत होत्या, सटोडिये त्याच नोटांचं कर्ज काढून जमीन घेत होते, जमीनकचेरीत भरलेली नोट पुन्हा बँकेत जायची आणि पुन्हा कर्ज म्हणून बाहेर यायची. सरकार जमीन देत होतं आणि बदल्यात कागद घेत होतं. हे लक्षात आल्यावर जुलै १८३६ मध्ये अध्यक्ष जॅक्सन यांनी हुकूम काढला की ऑगस्टच्या मध्यापासून जमिनीचे पैसे सोन्याचांदीतच घ्यायचे, खऱ्या वसाहतवाल्यांना तेवढी डिसेंबरपर्यंत सवलत. पुढच्या वर्षी मोठं आर्थिक संकट आलं, त्याची कारणं बरीच होती, ब्रिटिश भांडवल आटलं, कापसाचा भाव पडला, पण जमिनीची विक्री एकदम बसली हे खरं. १८३७ ची जमीनजमा आदल्या वर्षाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, १८४२ ला तर जेमतेम १३ लाख. राज्यांना तीन हप्ते मिळाले, साधारण २ कोटी ८० लाख, चौथा कधी दिलाच नाही. आणि तोवर कित्येक राज्यांनी कालवे नि रेल्वेसाठी कर्जं काढून ठेवली होती, त्यातली काही पुढे व्याजही देऊ शकली नाहीत.

मला ही गोष्ट मनापासून खटकते. जमीन विकून आलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे, ते भांडवल मोडणं आहे, आणि तेजीच्या वर्षाचा आकडा धरून बजेट आखणं म्हणजे बियाणं दळून भाकरी करण्यासारखं आहे.

प्रश्न : मग विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याने द्यायला काय हरकत होती? मालकीही राहिली असती आणि दरवर्षी पैसाही आला असता.

तत्त्वतः बरोबर, मीही भाडेपट्ट्याच्याच बाजूचा आहे, पण प्रत्यक्षात तो टिकवणं फार अवघड जातं. ऑस्ट्रेलियाचं बघा. न्यू साउथ वेल्समध्ये १८३१ पर्यंत जमीन फुकट दिली जायची, मग किमान ५ शिलिंग एकरने लिलाव, आणि १८४२ मध्ये किमान भाव १ पौंड, म्हणजे २० शिलिंग. आलेल्या पैशातला निम्मा हिस्सा ब्रिटनमधून मजूर आणायला वापरायचा असंही ठरलं. पण मेंढ्या पाळणारे जमीन विकत घ्यायला तयारच नव्हते, ते त्याआधीपासूनच सरकारने ठरवलेल्या वस्तीच्या हद्दीबाहेर जाऊन कळप घेऊन बसले होते. सरकारने १८३६ मध्ये त्यांना वर्षाला १० पौंडांचं लायसन्स दिलं, मग रान कितीही मोठं असो. १८४७ मध्ये दूरच्या भागात १४ वर्षांचे पट्टे मिळाले, भाडं ४००० मेंढ्यांना १० पौंड. इतक्या किरकोळ भाड्यात ती माणसं पिढीजात जमीनदार झाली आणि भाडं वाढवायचं म्हटलं की त्यांचेच लोक विधिमंडळात बसलेले.

१८६१ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी कायदा आला, ४० ते ३२० एकर कुठेही निवडा, एकरी १ पौंड, सुरुवातीला फक्त ५ शिलिंग भरा. तर मेंढीवाल्यांनी नोकरांच्या, नातेवाइकांच्या नावाने जमिनी उचलल्या, पाण्याकाठचे तुकडे आधी घेतले म्हणजे मागची सगळी जमीन दुसऱ्याच्या कामाचीच राहत नाही. सरकारकडे पैसा आला, १८७० च्या दशकात तर धो धो आला, पण तो रोजच्या खर्चात गेला आणि जमीन पुन्हा मोठ्यांकडेच.

सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराचा. तिथे १९१० च्या कायद्यानेच मालकीहक्काने विक्री बंद, ९९ वर्षांचे पट्टे, वार्षिक भाडं मोकळ्या जमिनीच्या किमतीच्या ५ टक्के, दर २० वर्षांनी फेरमूल्यांकन, पहिला लिलाव डिसेंबर १९२४ मध्ये. पण फेरमूल्यांकनाची वेळ आली की भाडं एकदम कितीतरी पटीने वाढायचं, लोक चिडायचे, आणि १९७० मध्ये पंतप्रधान गॉर्टन यांच्या सरकारने ते भाडंच रद्द केलं. पट्टा कागदावर राहिला, वर्षाचं उत्पन्न गेलं. २० वर्षं थांबण्याऐवजी दरवर्षी थोडं थोडं वाढवलं असतं तर ते टिकलं असतं असं मला ठाम वाटतं.

प्रश्न : अमेरिकेत आजही सरकारी कुरणं भाड्याने देतात ना? त्यातून फायदा होतो का?

देतात, बहुतेक ठिकाणी १९३४ च्या कायद्यापासून. एक गाय वासरासकट किंवा पाच मेंढ्या, एका महिन्याची चराई, हे भाड्याचं माप. दर अनेक वर्षं १.३५ डॉलर या किमान पातळीवर होता, खासगी कुरणाचा दर त्याच्या कित्येक पट. फायद्याचं विचाराल तर २००४ च्या आर्थिक वर्षात चराईवर सरकारी खात्यांनी किमान १४ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले आणि फी जमा झाली साधारण २ कोटी १० लाख, हा सरकारच्याच हिशेबतपासणी खात्याचा आकडा आहे.

प्रश्न : अमेरिकेने १८६२ नंतर जमीन फुकट दिली म्हणजे महसुलावर पाणीच सोडलं की!

विक्रीच्या महसुलावर, हो, बऱ्यापैकी. १६० एकर, पाच वर्षं राहून कसायचे, फीचे एकूण १८ डॉलर. पण हिशोब असा होता की माणूस वसला की तो वस्तू विकत घेतो, त्यावर शुल्क मिळतं, राज्याला मालमत्ता कर मिळतो. ज्याला पाच वर्षं थांबायचं नव्हतं त्याला सहा महिन्यांनी सव्वा डॉलर भावाने पैसे भरून मालकी घेता यायची, ती वाट सटोडियांनी खूप वापरली.

प्रश्न : मुळात ती जमीन सरकारची होती का?

नव्हती. १८३६ ची ती तेजी मिसिसिपी आणि अलाबामाच्या ज्या जमिनीवर झाली त्यातली बरीचशी चॉक्टॉ, क्रीक, चिकासॉ या मूळ अमेरिकन लोकांकडून नुकतीच काढून घेतलेली होती. चिकासॉंच्या १८३२ च्या तहात विक्रीचे पैसे त्यांना मिळतील असं लिहिलं होतं, पण मोजणी आणि विक्रीचा खर्च त्यांच्याच पैशातून कापून. म्हणजे स्वतःची जमीन दुसऱ्याला विकण्याचा खर्चही त्यांनीच सोसायचा. ऑस्ट्रेलियात तर तहही नाही. तिथल्या मूळ लोकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला १९९२ मध्ये, माबो खटल्यात, आणि मेंढ्यांच्या भाडेपट्ट्यांखालीही तो हक्क उरू शकतो हे १९९६ च्या विक निकालात. जमीनमहसुलाचे जुने आकडे वाचताना खर्चाच्या बाजूला हे कुणी धरलेलं नसतं, आणि ते धरलंच पाहिजे.

प्रश्न : हा पैसा कुणी नीट सांभाळला असं एक तरी उदाहरण आहे का?

आहे. १७८५ च्या त्याच कायद्यात प्रत्येक टाउनशिपचा १६ नंबरचा भाग शाळेसाठी राखला होता. सुरुवातीच्या राज्यांनी तो कवडीमोलाने घालवला. त्यातून शिकून नंतरच्या राज्यांवर अटी कडक होत गेल्या. १९१० च्या कायद्याने न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाला प्रत्येक टाउनशिपमधले चार भाग मिळाले, पण विकायचं तर जाहीर लिलावानेच, मूल्यांकनापेक्षा कमी भावाला नाही, आणि विक्रीचा पैसा कायम निधीत ठेवायचा, खर्चायचं ते त्यावरचं उत्पन्न. दोन्ही राज्यांत ते निधी आजही चालू आहेत आणि शाळांना दरवर्षी पैसे मिळतात.