वाचक विचारतात : ‘जॉय’मधलं ते एकुलतं एक बीजांड

प्रश्न : पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीवरचा ‘जॉय’ (२०२४) पाहिला. इतकी वर्षं अपयश आणि लेस्ली ब्राउनच्या वेळी एकदम यश, हे नशीबच ना?

उत्तर : थोडं नशीब, पण मुख्य म्हणजे पद्धत बदलली होती. आधी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी बरीच बीजांडं पिकवत. ती मिळायची, काचेच्या बशीत फलितही व्हायची (टेस्ट ट्यूब फक्त नावाला!). घोडं पुढे अडायचं. इंजेक्शनांमुळे पाळीचा उत्तरार्ध आखडायचा आणि गर्भ रुजायच्या आतच पाळी यायची.

म्हणून १९७७च्या अखेरीस इंजेक्शनं बंद केली. आता महिन्याला बीजांड एकच, ते हुकलं की महिना गेला. दर काही तासांनी लघवी तपासून एलएच (बीजांड सुटायचा इशारा देणारं हार्मोन) कधी उसळतं ते टिपायचं आणि बीजांड सुटायच्या आत दुर्बिणीतून ते शोषून घ्यायचं. उसळीपासून तास मोजून शस्त्रक्रियेची वेळ ठरायची, मग ती रात्री-अपरात्री का असेना. लेस्लीच्या बीजनलिका बंद होत्या. तिचं बीजांड १० नोव्हेंबर १९७७ला काढलं आणि अडीच दिवसांनी आठ पेशींचा गर्भ गर्भाशयात सोडला. लुईस जॉय ब्राउन जन्मली २५ जुलै १९७८ला. या सगळ्या वर्षांत इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात २८२ स्त्रियांनी हे उपचार घेतले. बाळं झाली दोघींना.

प्रश्न : नर्स जीन पर्डीला नायिका करणं ही पटकथेची चलाखी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. प्रयोगशाळा तीच सांभाळायची. आईच्या आजारपणात ती रजेवर गेली तेव्हा काम थांबलं होतं. या प्रयोगांमागचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी आग्रह धरूनही ओल्डहॅमच्या रुग्णालयातल्या पहिल्या फलकावर तिचं नाव आलं नाही. एडवर्ड्सना नोबेल २०१०मध्ये दिलं गेलं, ती १९८५मध्येच गेली होती.

प्रश्न : आपल्याकडे पहिलं कोण?

उत्तर : कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी, त्यांच्या प्रयत्नातून बाळ जन्मलं ३ ऑक्टोबर १९७८ला. त्यांनी वरची अडचण वेगळ्या वाटेनं सोडवली : इंजेक्शनं दिली, पण गर्भ गोठवून ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीत सोडला. आज हे सर्रास चालतं. तेव्हाच्या सरकारी समितीनं मात्र त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ला जन्मलेल्या हर्षाला बरीच वर्षं पहिली मानत. तिच्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजांसोबत डॉ. आनंद कुमार होते. पुढे मुखर्जींच्या नोंदी वाचून पहिलेपणाचा मान मुखर्जींचा, हे जाहीरपणे सांगितलं ते याच आनंद कुमारांनी.