तुझी उतरंड पाहिली

धरमपेठ, नागपूर

राजा,

अनेक आशीर्वाद. तुझी यादी परवा रात्री वाचली, काल दुपारी पुन्हा वाचली आणि आज तिची प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. कोपऱ्यावर वरणाचा डाग पडलाय, तेवढं चालवून घे. मार्व्हलच्या बारा मालिका, ‘वांडाव्हिजन’पासून ‘आयर्नहार्ट’पर्यंतच्या, तू एकावर एक रचल्यास आणि खाली विचारलंस, ‘मावशी, क्रम बरोबर आहे का?’

क्रम बरोबर आहे. तीच तर पंचाईत आहे. सगळ्यात वर ‘लोकी’, मग ‘वांडाव्हिजन’, तळाला ‘सीक्रेट इन्व्हेजन’ आणि तिच्या डोक्यावर ‘शी-हल्क’. बर्डीच्या बाजारात उभं राहून कुठल्याही पोराला विचारलं असतं तर हेच हाती आलं असतं. चार जणांच्या आवडीची सरासरी काढून तू खाली सही केली आहेस आणि वर लिहिलंस ‘माझी वैयक्तिक पसंती’. त्यात तू कुठे आहेस, ते मी दोनदा शोधलं. सापडला नाहीस.

एका ठिकाणी मात्र पकडला गेलास. ‘शी-हल्क’वर सहा ओळी लिहिल्यास आणि त्यातला प्रत्येक दाखला पहिल्या तीन भागांतला आहे. मालिका नऊ भागांची. नवव्या भागात नायिका जेनिफर चक्क आपण मालिका बघतो त्या अ‍ॅपच्या पडद्यातून बाहेर निघते, दुसऱ्या चौकटीत उडी मारते, लेखकांच्या खोलीत जाऊन भांडते आणि के.ई.व्ही.आय.एन. नावाच्या यंत्राकडून आपल्या गोष्टीचा शेवट बदलून घेते. मार्व्हल स्टुडिओचे प्रमुख केव्हिन फायगी यांना घरच्याच मालिकेनं मारलेला तो टोमणा. आवडो वा न आवडो, तो भाग पाहिलेला माणूस त्याबद्दल गप्प बसणार नाही. तिसऱ्या भागानंतर सोडलीस ना? सोड की. मीही ‘आयर्नहार्ट’ दुसऱ्या भागावर तीन आठवडे लटकवून ठेवली होती. पण अर्धवट सोडलेल्या मालिकेला नंबर द्यायचा नाही. तिला यादीबाहेर बसव आणि तसं लिही.

तुला माहीत आहे, मी इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत बावीस वर्षं काढली. एकदा एका सिनेमाला मी दीड तारा दिला. शुक्रवारी सकाळी अंक उघडला तर तीन तारे, आणि समोरच्या पानावर त्याच सिनेमाची पानभर जाहिरात. मी तणतणत कचेरीत गेले. साहेब शांतपणे म्हणाले, ‘ताई, मजकुराचा शब्दही हलवलेला नाही.’ खरंच नव्हता हलवला. वर तीन तारे, खाली माझी सहाशे शब्दांची शिव्यांची लाखोली, आणि एकाही वाचकाचा फोन आला नाही. लोक तारे मोजतात आणि पान उलटतात. त्याहून वाईट म्हणजे पुढे मीच सगळ्यांना तीन द्यायला लागले. तीन ताऱ्यांवर कोणी भांडायला येत नाही. अशी चार-पाच वर्षं गेली. तुझी यादी वाचताना मला ती वर्षं आठवली, म्हणून हे पत्र एवढं लांबतंय. रागावू नकोस.

आता करायचं काय ते सांगते.

बारा चिठ्ठ्या कर. एकेका चिठ्ठीवर एक मालिका. मागच्या बाजूला आठवेल तो एकच प्रसंग लिही, मोबाइलला हात न लावता. कोण उभं होतं, हातात काय होतं, काय बोललं गेलं. प्रसंग आठवला नाही तर चिठ्ठी कोरी राहू दे. मग रमीचे पत्ते हातात लावतो तशी एकेक चिठ्ठी घे आणि आधीच्यांत सरकव. प्रश्न एकच ठेव: आज रात्री या दोघींतली एकच पुन्हा बघायची, तर कोणती? बारांच्या सगळ्या जोड्या मोजल्या तर सहासष्ट होतात, पण पत्ते लावताना तेवढ्यांची गरज पडत नाही, अर्ध्या तासात काम होतं.

मी केलं तेव्हा गंमत झाली. ‘वांडाव्हिजन’ ‘हॉकआय’च्या वर बसली. ‘हॉकआय’ ‘लोकी’च्या वर. आणि ‘लोकी’ ‘वांडाव्हिजन’च्या वर! तिघी फुगडी घालत बसल्यासारख्या. आधी वाटलं, वय झालं. मग कळलं, मी एकीला कापडासारखं गजानं मोजत होते आणि दुसरीला दुधाच्या मापानं. ‘वांडाव्हिजन’ मी तिच्या घडणीसाठी वर घेतली होती: पहिला भाग कृष्णधवल, समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रित केलेला, आणि पुढे भागांमागून अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिकांचा एकेक काळ सरकत जातो. त्या हसण्याखाली जोडीदार गमावलेली बाई बसली आहे, हे हळूहळू उघडं पडतं. ‘हॉकआय’ला मी घडणीसाठी वर घेतलंच नव्हतं. तिथे माप वेगळं होतं.

ते माप सांगते. तिसऱ्या भागात क्लिंटचं, म्हणजे हॉकआयचंच, श्रवणयंत्र तुटतं. मग त्याच्या धाकट्या मुलाचा फोन येतो, बाबा नाताळला घरी येणार का म्हणून. बापाला ऐकू येत नाही. शेजारी असलेली त्याची तरुण साथीदार केट पोराचं बोलणं भराभर कागदावर लिहून दाखवते आणि बाप ते वाचून उत्तर देतो. दोन मिनिटांचाही प्रसंग नाही. आमच्या अण्णांना शेवटची सहा वर्षं काही ऐकू यायचं नाही. पुण्याहून भावाचा फोन आला की मी पाटीवर खडूनं लिहायचे, ‘विचारतोय, गोळ्या घेता का?’ आणि अण्णा रिसीव्हरमध्ये ओरडायचे, ‘घेतो! तू जेवला का बे?’ कधी कधी दादा काहीतरी लागट बोलायचा आणि मी पाटीवर भलतंच लिहायचे. केटच्या हातातला तो कागद पाहिला आणि मला पुढची मारामारी दिसलीच नाही.

आता ‘हॉकआय’ चांगली मालिका आहे का? ठीकठाक. न्यूयॉर्कचा नाताळ, एक पिझ्झा खाणारा कुत्रा, सहा भाग, बसून बघावी आणि उठावं. मला आवडते का? फार. या दोन प्रश्नांची दोन उत्तरं दोन वेगळ्या वाक्यांत लिहायची, एकाचं ओझं दुसऱ्यावर टाकायचं नाही. माझ्या यादीत ती तिसरी आहे, कारण लिहिलं आहे ‘अण्णा’, आणि ते खोडायला मी तयार नाही. पण तिला ‘पटकथेचा उत्कृष्ट नमुना’ वगैरे म्हणाले तर ते खोटं होईल.

तुझ्या पहिल्या नंबराबद्दल. ‘लोकी’ला तू ‘काळाची तात्त्विक चर्चा’ म्हणून वर ठेवलंस. असेल. मला विचारशील तर पहिल्या भागातली, काळाचा कारभार बघणारी कचेरी सांगेन. देवांच्या घरचा हा पोरगा पकडून आणतात आणि त्याच्यासमोर कागदांचा गठ्ठा टाकतात: तू आजवर जे बोललास ते सगळं, सही कर. तो वैतागून काही बोलतो, तर यंत्रातून आणखी एक कागद निघतो, हेही बोललास, यावरही सही कर. पुढे टोकन घ्यायला सांगतात. रांगेत दोनच माणसं आहेत, तरी टोकन. दुसऱ्यानं घेतलं नाही तर त्याला जागेवर नाहीसा करतात. अण्णांच्या पश्चात घर नावावर करायला मी एका सरकारी कचेरीत अकरा चकरा मारल्या आहेत, मला हे काल्पनिक वाटलंच नाही. आणि मग ज्या अनंतमण्यांसाठी, त्या इन्फिनिटी स्टोन्ससाठी, आपण दहा वर्षं सिनेमे पाहिले, ते तिथल्या एका कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. काही जण पेपरवेट म्हणून वापरतात म्हणे. सगळ्या विश्वाची किंमत एका ड्रॉवरनं उतरवली! तू तुझा ड्रॉवर शोध. तो दुसरीकडे कुठे असेल तर आणखी चांगलं. आणि 2021 चा पहिला सीझन व 2023 चा दुसरा यांच्या दोन चिठ्ठ्या कराव्यात असं मला वाटतं. दुसरीच्या शेवटी लोकी जिथे जाऊन बसतो, ती जागा पहिलीच्या कमाईवर मिळालेली आहे, पण गोष्टी दोन आहेत.

अजून एक नोंद ठेव: कशी पाहिलीस. मी ‘वांडाव्हिजन’ 2021 च्या जानेवारीपासून दर शुक्रवारी पाहिली. तिकडच्या मध्यरात्री भाग यायचा, आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असायचा. संत्री सोलत एक भाग बघायचा आणि पुढचे सात दिवस डोकं खाजवायचं. तू ती दोन वर्षांनी एका रात्रीत संपवलीस. तुला सुरुवातीचे भाग ‘संथ’ वाटले ते खरंच आहे, पण तो संथपणा मालिकेचा किती आणि रात्री तीनचा किती?

आता ‘मिस मार्व्हल’. तू नववी ठेवलीस, कारण दिलंस ‘खलनायक कच्चे’. कच्चेच आहेत, वाद नाही. पण ही मी एकटीनं पाहिली नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू जरीपटक्याच्या, माहेर सिंधी, आई फाळणीत कराचीहून आलेली. पहिल्या भागात नायिकेचे, कमालाचे, वडील दिसले आणि त्या ओरडल्या, ‘अरे, ये तो सांप-सीढ़ीवाला!’ मोहन कपूरला त्या झी टीव्हीवरच्या खेळापासून ओळखतात. तिथून त्या रोज खाली यायला लागल्या, येताना कधी कोकी, कधी पापड. पाचवा भाग लागला. 1947 ची रात्र, माणसांनी फुगलेलं स्टेशन, कराचीची गाडी, गर्दीत हरवलेली लहानगी सना (कमालाची आजी), आणि तिला बापापर्यंत नेणारी ताऱ्यांची वाट. मी रडायच्या तयारीत होते. काकू मात्र भुवया जवळ आणून बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘उलटी गाडी है. हमारे लोग तो उधर से इधर आए थे.’ थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘भीड़ वैसीच होगी.’ आणि पापडाचा डबा तसाच ठेवून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्या भागाबद्दल चकार शब्द नाही. सुपरहिरोच्या मालिकेत फाळणी आणि तीही एका आजीच्या आठवणीतून, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे ती दुसरी आहे. तुझ्याकडे नववीच राहू दे, पण पाचव्या भागाबद्दल तुला काय वाटलं ते लिही. काहीच वाटलं नसेल तर तेही लिही. त्यातूनही तू दिसशीलच.

बाकीच्यांवर वेळ घालवत नाही. ‘फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मध्ये आयझाया ब्रॅडली या विसरल्या गेलेल्या जुन्या सैनिकाचं घर आणि नव्या कॅप्टन अमेरिकाच्या, वॉकरच्या, हातातली रक्तानं भरलेली ढाल, या दोन गोष्टींसाठी तिला दोन पायऱ्या वर घे, उरलेली मालिका त्या फ्लॅग-स्मॅशर नावाच्या बंडखोरांनी खाल्ली आहे. ‘मून नाइट’चा पाचवा भाग सोन्याचा, सहाव्यात दोन अवाढव्य देव कुस्ती खेळतात आणि आपण घड्याळ बघतो. ‘अगाथा’चा सातवा भाग पुन्हा बघ, भविष्य सांगणाऱ्या लिलियाचा, क्रम मोडून सांगितलेली गोष्ट शेवटी नीट घडी बसते ती कशी, ते शिकण्यासारखं आहे. ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ला 2015 च्या जुन्या मालिकेशी तोलून खाली ढकलू नकोस, पण तिच्यातला जोड दिसतो हे लिही. मालिका अर्ध्यावर थांबवून नव्या हातांत दिली, पहिल्या सीझनचा पहिला आणि शेवटचे दोन भाग नंतरचे. शालूला रफू चांगलं असलं तरी उजेडात धरल्यावर कळतंच. ‘एको’ पाच भागांची आहे आणि नायिका न बोलता पडदा धरून ठेवते. ‘सीक्रेट इन्व्हेजन’बद्दल आपलं एकमत. तिला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर काढून देऊ.

तर या रविवारी सकाळी ये. आठच्या आत आलास तर तर्री पोहे मिळतील, नंतर आलास तर नुसती तर्री. बारा चिठ्ठ्या घेऊन ये, लोकीच्या दोन केल्यास तर तेरा, आणि त्याआधी ‘शी-हल्क’चे उरलेले सहा भाग संपव. अर्ध्या-अर्ध्या तासाचे आहेत, नाटकं नकोत. काकूंनाही बोलावलं आहे. त्यांनी आपली चिठ्ठी आधीच दिली आहे: एकच नाव, आणि मागची बाजू कोरी.

तुझी,
मावशी