तक्ता लावलास, आता पोरांचं ऐक

भाऊ, अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचा, तक्ता वर्गात टांगलास, बरं केलंस. पण कामाला भाषेपासून लाग. पहिली-दुसरीची अपेक्षाच अशी की मुलानं आपल्या बोलीत, आपल्या अनुभवाचं बोलावं. पोरगं अहिराणीत 'मी जाई ऱ्हायनू' म्हणालं तर लगेच 'मी जात आहे' करू नकोस. मी केलं होतं. एक पोरगी महिनाभर तोंडच उघडेना! तिसरीपासून दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारीशेजारी लिही, फरक पोरंच सांगतील.

इतिहासाचा क्रम तुला माहीतच आहे : सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक भारत. सहावीला तापीकाठच्या प्रकाशा गावचं उत्खनन सांग, तिथं ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांब्याची नि दगडाची हत्यारं वापरायच्या काळातली, वस्ती सापडलीय. घरातलं फुटकं गाडगं आणायला लाव आणि विचार, 'यावरून घरात काय शिजायचं, कळेल का?' पुराव्यावरून अंदाज बांधणं ते हेच.

आठवीला १९३६चं जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचं अधिवेशन घे, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं. सनावळी पाठ करून घेऊ नकोस. 'शहर सोडून खेडंच का?' एवढंच विचार. पहिलं उत्तर बहुधा 'जागा मोकळी होती' असंच येईल. हसू नकोस, तिथूनच पुढे ने.